एकेक पट्टी वर

अण्णांनी आयुष्यभर खोटी घरं बांधली. हे त्यांचंच म्हणणं. आधी गोरेगावच्या फिल्मिस्तानात, मग वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, आणि १९७७ साली आरेच्या कडेला चित्रनगरी सुरू झाल्यावर बहुतेक तिथेच. "पुढून बघशील तर हवेली," ते मला सांगायचे, "मागून बघशील तर नुसत्या रिपा, टेकू नि चुका." चुका म्हणजे बारीक खिळे. ते ओठांत धरून काम करायची त्यांची सवय इतकी जुनी होती, की नुसतं बोलतानाही तोंडाचा एक कोपरा मिटलेला असायचा.

अण्णा माझे थोरले काका. दापोलीजवळच्या गावातून वडिलांचा रंधा आणि पटाशी घेऊन मुंबईला आले, सेटवर सुतार झाले आणि सुतारच राहिले. गावाकडून आणखी एक वस्तू आली होती, पेटी. आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत गुरुवारी भजन असायचं, तेव्हा पेटीवर अण्णाच. उजव्या हाताच्या तर्जनीचं एक पेर फार पूर्वी एका सेटवर कटरखाली गेलं होतं. भरपाईचा विषय तिथे कुणी काढला नाही. त्या निर्मात्याचं नाव अण्णांनी घरात कधी उच्चारलं नाही. उरलेल्या बोटांवर ते सगळं निभावून न्यायचे, एखादी जागा आपल्या सोयीने वळवून घ्यायचे. ऐकणाऱ्याला कळायचं नाही. मला कळायचं, कारण भाता मारायला कधीकधी मी शेजारी असायची.

३ जुलै २०००. सोमवार, रात्री नऊ. स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि पुढच्या काही आठवड्यांत आमचं गुरुवारचं भजन शुक्रवारवर गेलं. सोमवार ते गुरुवार नऊच्या सुमाराला कुणी घराबाहेर येईना, त्याला देव तरी काय करणार! नाक्यावरच्या पीसीओवर नंबर लावायला रांग. घराघरातून एकच गंभीर आवाज, आणि मध्येच सगळी चाळ एकदम गप्प. त्या गप्प होण्यात अण्णांच्या हातचं काहीतरी होतं, कारण त्या दिवसांत ते चित्रनगरीत त्याच सेटवर कामाला होते.

मग सुरू झाले प्रश्न. खालच्या मजल्यावरचे मास्तर रोज विचारायचे. "अण्णा, तुम्ही आतले. खरं सांगा, सगळं आधीच ठरलेलं असतं ना?"

एका रात्री अण्णांनी जेवता जेवता ताट बाजूला सारलं. "मास्तर, चाळीस वर्षं मी खोटं बांधतोय. खोटं कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. उद्या सकाळी मी त्या खुर्चीखाली बघेन. पाय टेकायच्या जागी बुटांचे ओरखडे असतात. रोज नवे. ग्लिसरीन घातलं की डोळ्यांत पाणी येतं, टाचेत थरथर येत नाही."

त्या ओरखड्यांवरून हात फिरवून ते पुसून काढणं हेही त्यांच्या कामात होतं. कपाळावरचा घाम मेकअपवाला टिपायचा, टाचेखालची भीती सुताराच्या वाट्याला यायची.

हा सेट त्यांना पहिल्यांदा अवघड गेला होता, त्याचं कारण मापं. अण्णांचा सगळा जन्म इंच-सूतात गेलेला, आणि इथे आलेले नकाशे मिलीमीटरमध्ये. खेळ मूळचा ब्रिटनचा. ४ सप्टेंबर १९९८ ला तिथे तो सुरू झाला, आणि ज्या देशात गेला तिथे आपला गोल रंगमंच, आपला प्रकाश, आपलं संगीत बरोबर घेऊन गेला. मूळ सेटचा आराखडा अँडी वॉम्सली यांचा. त्याआधीच्या खेळांमध्ये स्पर्धकाला घरच्यासारखं वाटावं म्हणून सगळं उबदार ठेवायचे. यांनी ते उलटं केलं. मध्ये दोन उंच खुर्च्या, चहूबाजूंनी माणसं, पायाखाली पारदर्शक फरशी आणि फरशीखाली आरशासारख्या कागदाने मढवलेली भली मोठी थाळी. बसणाऱ्याला वाटावं, आपण अधांतरी आहोत. "खुर्ची अशी," अण्णा म्हणायचे, "की टेकता येईल, विसावता येणार नाही." रक्कम चढली की वरचे दिवे मान वाकवून खाली यायचे, बाजूचा उजेड विझायचा आणि दोन माणसं उरायची. अण्णांना या सगळ्याचा राग यायला हवा होता असं मला तेव्हा वाटायचं. त्यांना राग नव्हता. सुताराला कळतं की पाळणा आणि फाशीचा खांब दोन्ही लाकडाचेच.

भारतातल्या सेटची जबाबदारी नितीन चंद्रकांत देसाईंकडे होती. मूळचे दापोलीकडचे, त्यामुळे अण्णा त्यांना "आमच्या बाजूचे" म्हणायचे. देसाईंनी 'तमस'पासून, म्हणजे १९८७च्या आसपास, या कामाला सुरुवात केली. पुढे 'लगान'चं गाव आणि 'देवदास'चे महाल उभे केले. आणि खेळाचा सगळा डोलारा चालवणारे दिग्दर्शक-निर्माते सिद्धार्थ बसू. त्यांना आम्ही वेगळ्याच रूपात ओळखत होतो. १९८५ साली दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' लागायचं, त्यात ते स्वतः प्रश्न विचारायचे. पडद्यावरचा तो माणूस पंधरा वर्षांनी पडद्यामागे जाऊन बसला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. प्रश्नापेक्षा चुकीचे तीन पर्याय काढणं कठीण, हे मी नंतर स्वतः शाळेच्या प्रश्नपत्रिका काढायला लागले तेव्हा समजलं. तिन्ही पर्याय बरोबर वाटायला हवेत आणि कुठल्याही बाजूने बरोबर ठरता कामा नयेत. प्रश्न काढायच्या खोलीत बसून कोष आणि गॅझेटिअर उलटणाऱ्यांची नावं शेवटी भराभर वर सरकून जायची, अण्णांचं तर तिथेही नव्हतं.

टेकच्या वेळी सुतार सेटच्या मागे. प्लायच्या भिंतीला पाठ लावून, चपला काढून, खोकला आला तर तोंडात पदर नाही म्हणून खांद्यावरचा टॉवेल कोंबून. समोरचं काही दिसायचं नाही. प्रश्न धड ऐकू यायचा नाही. यायचं ते फक्त संगीत, तेही भिंतीतून, पाठीच्या कण्यातून. काकू रात्री विचारायच्या, "आज काय झालं?" अण्णा म्हणायचे, "दिवे लागले, दिवे विझले." काकूंना वाटायचं, नोकरीची शपथ आहे म्हणून सांगत नाहीत. शपथ होतीच. पण बहुतेक वेळा त्यांना खरोखर ठाऊक नसायचं.

एकदा मात्र ते मला म्हणाले, "अगो, हे दर प्रश्नाला पट्टी बदलतात."

मला समजेना. त्यांनी पेटी ओढली. खाली गुणगुणणारा तो सूर, जो स्पर्धक विचार करत असताना सतत वाजत राहतो, तो त्यांनी एका पट्टीवर धरला. "पहिले पाच प्रश्न सोड. मग हा. पुढच्या प्रश्नाला हा." शेजारची पट्टी. "मग हा." पुन्हा शेजारची. एक काळी, एक पांढरी, अर्ध्या अर्ध्या सुराने वर. "माणसाला कळत नाही काय होतंय. नुसता जीव वर वर येतो." भिंतीमागे बसून, काहीही न पाहता, कोणता प्रश्न चालू आहे ते अण्णा पट्टीवरून ओळखायचे. हे संगीत कीथ स्ट्रॅचन आणि त्यांचे पुत्र मॅथ्यू यांनी रचलं आणि ताण वाढावा म्हणून मुद्दाम दर प्रश्नाला अर्धा सूर चढवला, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. दापोलीकडच्या भजनातला कान तिथे आधीच पोचला होता.

मास्तरांची शंका तशी हवेतून आलेली नव्हती. अमेरिकेत १९५६ साली 'ट्वेंटी-वन' नावाचा खेळ सुरू झाला. स्पर्धक काचेच्या बंद खोलीत उभे. हर्बर्ट स्टेम्पेल नावाच्या स्पर्धकाला निर्माते डॅन एनराइट उत्तरं आधी देत. कुठे अडखळायचं, कपाळ पुसायचं नाही, रुमालाने हलकेच टिपायचं, हेही शिकवून ठेवत. खोलीतली थंड हवा बंद ठेवली जायची, म्हणजे घाम खरा यावा. ५ डिसेंबर १९५६ ला स्टेम्पेलला हरायचा हुकूम झाला. प्रश्न होता, १९५५चा सर्वोत्तम चित्रपटाचा ऑस्कर कोणाला? उत्तर 'मार्टी'. त्याला ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने दुसरंच नाव घेतलं. ज्यांच्यासाठी त्याला हरवलं ते चार्ल्स व्हॅन डोरेन, विद्यापीठातले अध्यापक. त्यांनी १९५९ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सगळं कबूल केलं. पुढच्या वर्षी असं करणं गुन्हा ठरवणारा कायदा झाला. त्या घोटाळ्यानंतर मर्व्ह ग्रिफिन यांच्या पत्नी जुलॅन त्यांना म्हणाल्या, स्पर्धकांना सरळ उत्तरंच द्या आणि प्रश्न त्यांना काढू देत. त्यातून १९६४ साली 'जेपर्डी' आला. त्याच्या पहिल्या फळ्यावर कागदी पत्ते होते आणि ते मागून हाताने ओढले जायचे. हे वाचून अण्णा खूश झाले. आमच्या गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेचा गुणफलक त्यांनी असाच केला होता, मागे मी उभी राहून आकडे सरकवायची.

पण थंड हवेची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कुणाच्या तरी हाताने ते बटण बंद झालं असेल ना.

"अण्णा, तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर?"

"केलं असतं बहुतेक. पोटासाठी." मग म्हणाले, "पण मग मास्तरांसमोर ताट घेऊन बसलो नसतो."

ऑक्टोबर २००० मध्ये हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले. मुंबईचा मराठी मुलगा, सत्तावीस वर्षांचा, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा. त्या चित्रीकरणाच्या दिवशी अण्णा कामावर होते का, हे मला लोक आजही विचारतात. नव्हते. ताप होता. त्यांनी तो भाग आमच्याबरोबर चाळीत बसून पाहिला, आणि समोरच्या बाजूने तो खेळ त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला असावा. शेवटचा प्रश्न राज्यघटनेवरचा होता: संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा घटनेने यांपैकी कोणाला दिली आहे? अ‍ॅटर्नी जनरल. मास्तर ओरडत होते, काकूंनी देवापुढे साखर ठेवली होती. अण्णा खाली मान घालून बसले होते. "ही पट्टी मी कधी ऐकली नव्हती," एवढंच म्हणाले.

२००५च्या सुमाराला त्यांनी काम सोडलं. मराठीतही हा खेळ आला, २०१३ साली सचिन खेडेकर विचारायला बसले, तो ते नियमाने बघायचे. २ ऑगस्ट २०२३ ला देसाई गेले, कर्जतला, स्वतः उभारलेल्या स्टुडिओत. दूरदर्शन संच बंद करून अण्णांनी हत्यारांची पेटी काढली, पटाशीला तेल लावलं आणि पुन्हा ठेवून दिली.

त्या श्रावणात मी गेले तेव्हा त्यांची दृष्टी बरीच गेली होती. मी मोबाइलवर जुन्या भागाचा एक तुकडा लावला, मधूनच कुठूनतरी. त्यांनी मला सांगितलं, चित्र तुझ्याकडे ठेव. डोळे मिटून, भिंतीला पाठ लावून बसले. मी भाता धरला. त्यांनी तर्जनी मुडपून मधल्या बोटाने सूर शोधला. "आठवा असेल," म्हणाले. आठवाच होता. उत्तर बरोबर आलं, बोट शेजारच्या पट्टीवर गेलं. पुन्हा बरोबर, पुन्हा शेजारची. दहाव्या प्रश्नाला स्पर्धकाने बराच वेळ घेतला आणि खेळ सोडून दिला. टाळ्या झाल्या, संगीत थांबलं. अण्णांनी बोट उचललं नाही, म्हणून मी भाता मारत राहिले.