पोलिओ विषाणू : वन्य व लशीच्या प्रभेदांची ओळख

रुग्णाच्या शौचात किंवा सांडपाण्यात सापडलेला पोलिओ विषाणू वन्य आहे, तोंडावाटे दिलेल्या लशीतला आहे की लशीतून निघून बराच बदललेला आहे, हे ठरवण्याची प्रयोगशालेय पद्धती. पोलिओ विषाणूचे १, २ व ३ असे तीन प्रकार आहेत. तोंडावाटे द्यायच्या लशीत त्यांचेच दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात. अल्बर्ट सेबिन यांच्या नावावरून त्यांना सेबिन प्रभेद म्हणतात. डोस घेतलेल्या मुलाच्या शौचातून ते काही आठवडे बाहेर पडतात. म्हणून नुसता पोलिओ विषाणू सापडणे हा साथीचा पुरावा ठरत नाही.

नमुना : पंधरा वर्षांखालील मुलाच्या हातापायांत अचानक लुळेपणा आला की ‘एएफपी’ अशी नोंद होते. १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतात आणि २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राखून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात.

कसोट्या : पूर्वी तापमानावर भर असे. वन्य प्रभेद ४० अंशांवरही जोमाने वाढतात, सेबिन प्रभेदांची वाढ खुंटते. पुढे प्रतिपिंडांच्या चाचण्या आल्या. विषाणू वाढवण्यासाठी आरडी व एल२०बी या पेशी वापरतात. एल२०बी पेशी मूळच्या उंदराच्या. त्यांत पोलिओ विषाणूचा मानवी ग्राही बसवलेला असल्याने इतर आंत्रविषाणू सहसा वाढत नाहीत. पेशी गोल होऊन सुटू लागल्या की विषाणू वाढल्याचे कळते. मग पीसीआरने प्रकार व प्रभेद तपासतात.

अंतिम निवाडा व्हीपी१ या आवरण-प्रथिनाच्या जनुकभागातील सुमारे ९०० न्यूक्लिओटाइडांच्या क्रमावरून होतो. या भागात वर्षाला साधारण १ टक्का बदल होत असल्याने सेबिन प्रभेदापासूनच्या अंतरावरून विषाणू किती काळ फिरत आहे, याचा अंदाज येतो. प्रकार १ व ३ मध्ये १० किंवा अधिक, प्रकार २ मध्ये ६ किंवा अधिक बदल आढळल्यास विषाणू लसजन्य (व्हीडीपीव्ही) ठरतो. त्याहून कमी असल्यास सेबिनसदृश. सेबिनसदृश म्हणजे निरुपद्रवी असे मात्र नाही : प्रकार ३ मधील ४७२ व्या स्थानावरचा दुबळेपणाशी निगडित बदल डोसनंतर काही दिवसांतच उलटू शकतो.

भारतातील अनुभव : मुंबईच्या परळमधील एंटरोव्हायरस संशोधन केंद्र (स्थापना १९४९) हे या तपासणीचे देशातील प्रमुख केंद्र. मुंबईच्या सांडपाण्याची पाहणी २००१ मध्ये सुरू झाली. वन्य प्रकार २ देशात १९९९ मध्ये अलीगढ येथे शेवटचा आढळला होता. तरीही २००२-०३ मध्ये लुळेपणा आलेल्या काही मुलांत सेबिनशी न जुळणारा प्रकार २ मिळाला. केंद्राच्या तपासणीत तो एमईएफ-१ निघाला, म्हणजे प्रयोगशाळांत संदर्भासाठी व टोचायच्या लशीच्या उत्पादनात वापरला जाणारा प्रभेद. साथ परतली नव्हती. शोध घ्यायचा होता तो प्रयोगशाळेतला किंवा कारखान्यातला विषाणू मुलांपर्यंत पोहोचला कसा याचा.

भारतातील वन्य पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे नोंदला गेला. एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटेच्या लशीतून प्रकार २ वगळल्यावर सेबिन प्रकार २ सापडणेही धोक्याची सूचना ठरले. २०१८ मध्ये तो उत्तर प्रदेशातील नमुन्यांत आढळला, तेव्हा एका उत्पादकाच्या द्विप्रकारी लशीत प्रकार २ ची भेसळ असल्याचे उघड झाले. ती लस महाराष्ट्र व तेलंगणातही वापरली गेली होती.