घोड्यांमधील इन्सुलिन चाचणी

घोड्यांमधील इन्सुलिन चाचणी ही घोड्याच्या रक्तातील इन्सुलिन या संप्रेरकाचे प्रमाण मोजणारी प्रयोगशालेय तपासणी होय. चयापचयाच्या बिघाडातून उद्भवणाऱ्या लॅमिनायटिसचा धोका वेळीच ओळखणे, हा तिचा मुख्य हेतू असतो. लॅमिनायटिस म्हणजे खुराचे कवच व आतील हाड यांना जोडणाऱ्या पापुद्र्यांचा दाह. तो बळावल्यास हाड खुराच्या आत जागचे सरकते, घोड्याला उभे राहणे असह्य होते आणि प्रसंगी त्याला दयामरण द्यावे लागते.

पार्श्वभूमी

मधुमेही माणसाच्या रक्तात साखर वाढलेली आढळते. घोड्याचे स्वादुपिंड मात्र जादा इन्सुलिन स्रवून साखर दीर्घकाळ आटोक्यात ठेवते. त्यामुळे केवळ साखर तपासून घोडा निरोगी ठरवणे फसवे असते. निरोगी तट्टांच्या रक्तातील इन्सुलिन कृत्रिमरीत्या चढे ठेवल्यास, साखर सामान्य असूनही त्यांना लॅमिनायटिस होतो, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले. मानेवर साठलेली टणक चरबी हे बिघाडाचे बाह्य लक्षण असले, तरी काही सडपातळ घोड्यांतही तो आढळतो.

चाचणीच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे एकाच नमुन्यातील इन्सुलिन मोजणे. तत्पूर्वी काही तास घोड्याला चंदी देत नाहीत. सुके गवत चालते. सौम्य बिघाड या पद्धतीने निसटू शकतो. म्हणून उपाशी घोड्याला वजनाच्या दर किलोग्रॅममागे ०.१५ मिलिलिटर मक्याचा पाक तोंडावाटे देतात (४०० किलोच्या घोड्यास ६० मिलिलिटर) व ६० आणि ९० मिनिटांनी रक्त घेतात. तिसऱ्या पद्धतीत शिरेतून इन्सुलिन टोचतात. अर्ध्या तासात साखर निम्म्यावर न आल्यास शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, असे मानतात. यात साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून ग्लुकोज हाताशी ठेवावे लागते.

वेदना, प्रवास व भीती यांनी निकाल बदलतो. झायलाझिनसारख्या शामक औषधाने इन्सुलिनचे स्रवणे मंदावते. लंगडणाऱ्या घोड्याची चाचणी वेदना ओसरल्यावर करणे इष्ट ठरते, ते यामुळेच. नमुन्यातील तांबड्या पेशी फुटल्यास इन्सुलिन नष्ट होऊ लागते. मुंबईच्या उकाड्यात रक्तद्रव लवकर वेगळा करून थंड ठेवणे अगत्याचे असते.

मापन

घोड्याचे इन्सुलिन मानवी इन्सुलिनहून दोन अमिनो आम्लांनी भिन्न आहे. घोड्यासह काही प्राण्यांच्या इन्सुलिनमधील असे भेद फ्रेडरिक सँगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६च्या सुमारास उलगडले. फरक क्षुल्लक वाटतो, पण माणसासाठी बनवलेला प्रत्येक चाचणीसंच त्यामुळे घोड्यासाठी भरवशाचा ठरत नाही. निरनिराळ्या पद्धतींचे आकडे परस्परांशी जुळत नसल्याने एका घोड्याचे नमुने सहसा एकाच प्रयोगशाळेत पाठवावेत.

मुंबईतील संदर्भ

चिंचपोकळीच्या उत्तरेस परळ येथे १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तर पश्चिमेस महालक्ष्मीचे रेसकोर्स. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत हा बिघाड तट्टांच्या मानाने कमी दिसतो. नियमित व्यायाम त्यांच्या पथ्यावर पडतो. कठीण रस्त्यावरील आघातांनीही लॅमिनायटिस होऊ शकतो, तेव्हा प्रत्येक लंगड्या घोड्याचे इन्सुलिन वाढलेलेच असेल असे नाही. शहरातील व्हिक्टोरिया गाड्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदेशीर ठरवल्या.