लाही, धाणी आणि पॉपकॉर्न

बडोद्याच्या चित्रपटगृहांत विकला जाणारा पॉपकॉर्न हा परदेशी पदार्थ होय, असे सामान्यतः मानले जाते. धान्यापुरते ते खरे आहे. परंतु धान्य भाजून फुलविण्याची कला येथे परकी नाही. आणि ह्या खाद्याच्या नावांत बडोद्याच्या दोन भाषांचा इतिहास साठविलेला आहे. त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीतील 'लाही' हा शब्द संस्कृत 'लाजा'पासून आला. विवाहातील लाजाहोमात वधूचा भाऊ तिच्या ओंजळीत भाताच्या लाह्या घालतो व त्या अग्नीस अर्पण केल्या जातात. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात वेलींनी दिलीपावर केलेल्या पुष्पवृष्टीस कालिदासाने नगरकन्यांनी उधळलेल्या लाह्यांची उपमा दिली आहे. गुजरातीतील 'धाणी' मात्र 'धाना' ह्या शब्दाची वारस होय. ऋग्वेदात 'धाना' म्हणजे भाजलेले धान्य इंद्रास अर्पण केल्याचे उल्लेख आहेत. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती स्थिरावले आणि ही दोन्ही नावे एकाच नगरात शेजारी आली.

शेजार जडला तरी पंचांगातील जागा निराळ्याच राहिल्या. मराठी घरांत लाह्या लागतात त्या श्रावण शुद्ध पंचमीच्या नागपूजेस, गोपाळकाल्यास आणि लक्ष्मीपूजनाच्या बत्ताशांसोबत. गुजराती शेजाऱ्यांची नागपंचमी पंधरवड्याने, वद्य पक्षात येते. आणि ज्वारीच्या धाणीचा त्यांचा खरा सण म्हणजे होळी. त्या दिवशी धाणी, खजूर व चणे ह्यांना मान असतो. हे सारे भाजून देणारा भडभुंजा मात्र दोन्ही समाजांचा एकच. त्याच्या नावातील 'भाड' म्हणजे संस्कृत 'भ्राष्ट्र', अर्थात भाजण्याची भट्टी. तापलेल्या वाळूत दाणे टाकून ते हलवीत राहणे व फुटताच चाळून काढणे, ही त्याची विद्या.

दाणा फुटतो कसा? त्याच्या आत सुमारे चौदा टक्के ओलावा असतो व बाहेर कठीण, अभेद्य साल. उष्णता १८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली की आतील वाफेचा दाब सालीस असह्य होतो. साल फाटते, मऊ झालेले पिष्ट फेसाप्रमाणे पसरते व तत्काळ थिजते. ज्वारीच्या लाहीचे व मक्याच्या लाहीचे तत्त्व एकच आहे. म्हणूनच प्रत्येक मका फुटत नाही. त्यास कठीण दाण्याची खास जात लागते.

मका मूळचा मेक्सिकोचा. पेरू देशाच्या किनाऱ्यावर सापडलेल्या कणसांच्या अवशेषांवरून तेथील लोक सुमारे ६,७०० वर्षांपूर्वी मक्याच्या लाह्या खात असत, असे संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. १४९२ नंतरच्या समुद्रव्यापाराने हे धान्य जगभर पसरले. बडोद्याच्या पूर्वेस पंचमहाल व दाहोद भागांत तर ते लोकांचे मुख्य अन्न झाले. १८९३ च्या शिकागो येथील विश्वप्रदर्शनात चार्ल्स क्रेटर्स ह्यांनी वाफेवर चालणारे लाह्यांचे यंत्र मांडले. बडोद्याच्या राजाश्रयाने ज्यांची कीर्ती वाढली त्या राजा रविवर्म्यांची दहा चित्रेही त्याच प्रदर्शनात होती, हा योगायोग बडोदेकरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे १९३० नंतरच्या मंदीत अमेरिकेतील चित्रपटगृहांना ह्या स्वस्त खाद्याने हात दिला, आणि पडदा व लाही ह्यांची तेव्हा जमलेली जोडी आजही सुटलेली नाही.

ह्या लोकप्रियतेचे कारण आम्हांस साधे वाटते. मूठभर दाण्यांची टोपलीभर लाही होते. अल्प खर्चात पुष्कळ मिळाल्याचे समाधान लाभते. गोपाळकाल्यात आणि चित्रपटगृहात माणसाची ही हौस सारखीच आहे.

प्रश्न उरतो तो नावाचा. १९३१ मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सिद्ध करून ज्या नगराने राज्यकारभारातील शब्दांना देशी भाषांतील पर्याय शोधले, त्या नगरात 'मक्याच्या लाह्या' हे सुबोध नाव शोधावे लागू नये. ते घरातच आहे. पॉपकॉर्न हा शब्द हद्दपार करावा, असा आमचा आग्रह नाही. परंतु भट्टी विझली की भडभुंजा हा शब्द कोशापुरता उरतो, आणि लाही केवळ पूजेपुरती उरली की तिचे वर्तमान संपते. शिक्षकांनी वर्गात धाना, लाजा, धाणी व लाही हे चार शब्द फळ्यावर एकत्र लिहून दाखवावेत. भाषेचा इतिहास मुलांच्या ओंजळीतही असतो, हे त्यांना निराळे सांगावे लागणार नाही.