सात सह्या आणि आपला विहार



वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, तुम्हीही काही लिहा, असे विहाराच्या तरुण कार्यकर्त्यांनी सांगितले. आम्ही साच्यावर उभे राहून आयुष्य काढलेली माणसे. कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, विहाराच्या कपाटातली पुस्तके काढून. मूर्ती कधी आली, भिंत कोणी बांधली, हे बाकीचे लिहितीलच. पण ज्या कागदावर हा विहार उभा आहे, त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. म्हणून तो आम्ही लिहितो.

गिरणीत आम्ही एक गोष्ट लवकर शिकलो. घाम कितीही गाळा, मस्टरवर हजेरी लागली नाही तर पगाराच्या दिवशी हात हलवत घरी यायचे. संस्थेचेही तसेच आहे. सरकारच्या वहीत नोंद नाही, तर कायद्याच्या दृष्टीने ती संस्थाच नाही.

ही गोष्ट परमपूज्य बाबासाहेबांनी फार आधी ओळखली होती. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी सभा बोलावली आणि त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष, व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब आणि चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. ही सभा १८६० च्या २१ व्या कायद्याप्रमाणे, म्हणजे संस्था नोंदणी कायद्याखाली, रीतसर नोंदवलेली होती. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे रस्त्यावरच्या लढ्याच्या तीन वर्षे आधी बाबासाहेबांनी घटना, पदाधिकारी आणि हिशेब यांची घडी बसवली होती.

पुढेही तसेच. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, आणि तिच्यातर्फे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. पण भारतीय बौद्ध महासभा त्यांनी १९५५ सालीच उभी केली होती. आधी घर, मग पाहुणे!

आणि आम्ही? आम्ही बाबासाहेबांचे फोटो लावले, जयंत्या केल्या, पण त्यांची ही शिस्त घेतली नाही. आमचे मंडळ कितीतरी वर्षे बिननोंदीचे होते. वर्गणी घरोघर फिरून जमायची. मंडळाच्या नावाने खाते निघेना, म्हणून पैसे खजिनदारांच्या स्वतःच्या पासबुकात ठेवायचे. माणूस सोन्यासारखा, त्यामुळे कोणाला कधी शंका आली नाही. एके दिवशी ते रात्रपाळीहून आले आणि झोपेतच गेले. पैसा विहाराचा, पण कायद्याने तो वारसांचा. त्यांच्या पत्नीने महिनोन्महिने हेलपाटे घालून, वारसाची कागदपत्रे करून, पै न् पै आणून मंडळापुढे ठेवली. घरात चार लहान पोरे, कमावते कोणी नाही, तरी हातचे राखले नाही. त्या माऊलीपुढे आम्ही आजही मान खाली घालतो. तिच्यामुळे विहार वाचला. पण कोणाच्या चांगुलपणावर समाजाचा पैसा टांगून ठेवणे हा त्या माणसावरही अन्यायच आहे, हे आम्हांला त्या दिवशी कळले.

मग नोंदणीचे मनावर घेतले. १८६० च्या कायद्याप्रमाणे निदान सात जण लागतात. उद्देशपत्रिकेत संस्थेचे नाव, उद्देश, कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते, व्यवसाय लिहायचे आणि सात जणांनी सही करायची. नियमावली वेगळी जोडायची. वाचायला सोपे आहे. पण चाळीत सात सह्या मिळवताना आमचे जोडे झिजले. "उद्या कोर्टाचं बोलावणं आलं तर?" असे जो तो विचारी. शेवटी सहा झाल्या. सातवी सही त्याच खजिनदारांच्या पत्नीने केली. ओट्यावर खडूने नाव गिरवून गिरवून ती सही करायला शिकली होती.

आता काही गोष्टी प्रत्येक घराने समजून घ्याव्यात. विहार ही धार्मिक आणि धर्मादाय संस्था. म्हणून १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. आज या कायद्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र हा शब्द आहे. विश्वस्तांची नावे आणि मालमत्ता धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकमध्ये चढतात. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. विश्वस्त बदलला, वारला, की ९० दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, तो द्यावा लागतो. विहाराची जागा धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि १८६० च्या कायद्याप्रमाणे, संस्था कधी मोडलीच तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेकडे जाते. म्हणजे या विहाराची एक वीटसुद्धा कोणाच्या वारसाला मिळणार नाही. ती सगळ्या पोराबाळांची आहे.

आता खरे बोलतो. त्या सातांपैकी तिघे आज हयात नाहीत. त्यांना आपण पुष्पांजली वाहिली, पण परिशिष्टात त्यांची नावे अजून तशीच आहेत. बदल अर्ज गेलेलाच नाही. यात दोष आमचा आहे. उद्या करू, परवा करू, करत आम्ही चालढकल केली. आता चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी दाराशी आली आहेत. विहाराची जागा नव्या आराखड्यात कुठे, किती, हे ठरवताना सही कोण करणार? मेलेली माणसे सही करत नाहीत. आणि जिवंत माणसांची नावे कागदावर नसतील तर त्यांची सही चालत नाही.

म्हणून वर्धापनदिनाची खीर खाऊन लगेच घरी जाऊ नका. त्याच दिवशी सर्वसाधारण सभा घेऊ. हिशेबाची वही सगळ्यांसमोर उघडू, नवे विश्वस्त निवडू आणि बदल अर्जाचे कागद तयार करू. उशीर का झाला याचा जाब विचारला जाईल. उत्तर द्यायला आम्ही जाऊ. पण नव्या विश्वस्तांत तरुण पोरे हवीत, बायका हव्यात. खडूने गिरवलेली ती सातवी सही विसरू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!