रविवारी निघणाऱ्या गाड्या



आपण मार्च १९८४ मध्ये दहावीला बसलो, त्याच्या तीन महिने आधी, डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० बाजारात आली. म्हणजे आपली बॅच ही मारुतीच्या आधीच्या जगात वाढलेली जवळजवळ शेवटची बॅच. तोपर्यंत आपल्याकडे मोटारगाडी म्हटलं की दोनच नावं असत, फियाट नाहीतर ॲम्बेसेडर. क्वचित एखादी स्टँडर्ड हेरल्ड दिसे. स्मरणिका समितीने ‘जुन्या गाड्या आणि त्यांच्या सहली’ हा विषय माझ्या गळ्यात घातला, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा महाराजांच्या रोल्स रॉइस आल्या नाहीत. वर्गातल्या ज्या दोन-चार घरांत गाडी होती, त्या घरांबाहेर रविवारी सकाळी चाललेली बादली-फडक्याची गडबड आठवली.

पण विषय क्लबांचा आहे, तेव्हा आधी तिकडून येतो. हौस म्हणून जुनी गाडी घेऊन एकत्र बाहेर पडायची रीत इंग्लंडातली. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी तिथे मोटारींची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर नेणारा कायदा लागू झाला आणि त्या आनंदात काही मंडळी लंडनहून ब्रायटनला गाड्या घेऊन गेली. त्याची आठवण म्हणून १९२७ पासून तिथे जुन्या गाड्यांची फेरी निघते. १९३० मध्ये ‘व्हेटरन कार क्लब’ स्थापन झाला. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे, पण ती सर्वच मोटारमालकांची संस्था. जुन्या गाड्यांची खास रॅली दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ मध्ये सुरू केली. मुंबईत हे काम व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने हाती घेतलं. हॉर्निमन सर्कलला सकाळी गाड्या रांगेत लागतात, बॉनेट उघडून ठेवलेली असतात, बघे फोटो काढतात, मग झेंडा पडतो आणि मिरवणूक निघते. कुणी धोतर-फेट्यात, कुणी हॅट घालून. परीक्षक येऊन दिवे, चाकं, गादीचं कापड मूळचं आहे का ते तपासतात. पुढे एखाद्या हॉटेलात नाश्ता आणि बक्षिसं.

या क्लबांनी एक मोठं काम केलं, ते नाकारता येत नाही. संस्थानं विलीन झाल्यावर राजवाड्यांच्या मोटारखान्यांतल्या कित्येक गाड्या कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि परदेशी व्यापाऱ्यांनी त्या बाहेर नेल्या. सत्तरच्या दशकात सरकारने जुन्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. उरलेल्या गाड्या भंगारात न जाता राहिल्या त्या अशा हौशी मंडळींमुळेच. प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाड्याला उभारलेला संग्रह त्यातलाच. फक्त माझी एक कुरकुर आहे. या रॅल्यांच्या बातम्या वाचताना वाटतं की मोटारगाडीचा इतिहास म्हणजे ती कुणाच्या मालकीची होती याचा इतिहास. ती जोडली कुणी आणि तिच्यात बसून कुठे गेलं कोण, हे त्यात फारसं येत नाही. आणि आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचा संबंध येतो तो नेमका तिथेच.

मुळात आपला भागच लष्करी गाड्यांच्या धुरळ्यातून आला आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याण कॅम्प ही फौजेची मोठी छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबं आली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. आजही आपण ‘कॅम्प तीनला जातो’, ‘कॅम्प पाचला राहतो’ असंच म्हणतो. युद्धानंतर फौजेने देशभर जुन्या विलीज जीप विकायला काढल्या. मुंबईत महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली तीही त्याच काळात. आज एखाद्या रॅलीत चकचकीत हिरवी विलीज पाहिली की लोक ‘वा, लष्करी!’ म्हणतात. आपल्या लहानपणी तिला कुणी वा म्हणत नसे. जीप म्हणजे कंत्राटदाराची, नाहीतर निवडणुकीच्या प्रचाराची.

आता फियाटकडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन ११०० आली. तिच्या गोल पाठीमुळे आणि पुढे आलेल्या नाकामुळे आपल्या लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. हे नाव कोणत्या जाहिरात कंपनीने दिलं असतं? १९६४ मध्ये चौकोनी ‘११०० डिलाइट’ आली. मध्ये थोडा काळ ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून ‘प्रीमियर पद्मिनी’. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळे पुढची सीट सलग, बाकासारखी. पुढे तिघं, मागे चार, आणि लहान मुलं मोजायची नाहीत.

ही गाडी बनवायला आपल्याकडची माणसं जात. सकाळच्या पाळीसाठी बदलापूर-अंबरनाथहून पहाटेची लोकल पकडून कुर्ल्याला उतरणारे कामगार आपल्या वर्गातल्या काही घरांत होते, तसे विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यातले, ऑर्डनन्स फॅक्टरीतले आणि शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधलेही होते. माझ्या बाकावरच्या मित्राचे वडील प्रीमियरमध्ये दरवाजे बसवायच्या विभागात होते. रस्त्यावर फियाट दिसली की ते तिचं दार कसं लागतं ते ऐकत. आवाज ‘ठप्प’ आला पाहिजे, ‘खण्ण’ नाही. काका निवृत्त होईपर्यंत त्यांच्या घरात सायकलच होती. तेव्हा फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि नंबर लावायलाही पैसे लागत.

कारखान्याचा पुढचा भाग दुःखाचा आहे आणि आपल्याला तो ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा दुसरा कारखाना होता. नव्वदच्या दशकात तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर ३०९ ही गाडी काढली गेली. व्यवस्थापन आणि दत्ता सामंतांची युनियन यांच्यातला संघर्ष, मग १९९७ मध्ये सामंतांची हत्या, फ्रेंचांची माघार, आणि सगळं थंडावलं. आता तिथल्या मोकळ्या जागेला लोक ‘प्रीमियर मैदान’ म्हणतात. पद्मिनीचं उत्पादन नवं शतक उजाडता उजाडता थांबलं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली.

सहलींबद्दल मात्र सावकाश लिहायचं आहे. आपल्याकडे क्लब नव्हता, पण एका गाडीभोवती अख्खी आळी जमायची. अंगारकीला टिटवाळा, महाशिवरात्रीला अंबरनाथचं शिवमंदिर (तिथवर चालत जाता येत असूनही गाडीने), पावसाळ्यात कोंडेश्वर नाहीतर बारवी धरण, आणि वर्षातून एकदा मोठा बेत म्हणजे मुरबाड-टोकावड्यावरून माळशेज घाट. गाडीमालकाच्या घरचे चार आणि बाकी शेजारचे. पेट्रोलचे पैसे वाटून घ्यायची पद्धत नव्हती. शेजाऱ्यांनी पुऱ्या-बटाट्याची भाजी आणायची, हा हिशेब.

घाट चढताना फियाट तापायची. उन्हाने पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडायचं आणि गाडी दोन झटके देऊन गप्प व्हायची. मग बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि सगळ्यांनी उतरून झाडाखाली बसायचं. अर्धी सहल अशी रस्त्याच्या कडेलाच व्हायची. आज क्लबच्या फेऱ्यांत मागून टेम्पो येतो, त्यात मेकॅनिक असतो, गाडी अडली की तिला उचलून नेतात. सोय चांगली आहे. पण झाडाखाली पुऱ्या खाताना मिळालेली माहिती, उदाहरणार्थ कुणाचं लग्न कुणाशी ठरतंय, टेम्पोत मिळत नाही.

आणि मिस्त्री! या गाड्या टिकल्या त्या गॅरेजवाल्यांमुळे. नवा भाग मिळाला नाही तर कुर्ल्याचा सीएसटी रोड, तिथे नाही तर चोरबाजार, आणि तिथेही नाही तर उल्हासनगर. ‘यूएसए’चा, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा, विनोद आपण सगळ्यांनी केला आहे. पण बराकीत शून्यातून धंदा उभा केलेल्या माणसांची ती करामत होती. दाराचं रबर, दिव्याची काच, हँडल, नमुना दाखवला की चार दिवसांत तसंच बनवून मिळे. आज परीक्षक ज्याला ‘मूळ भाग नाही’ म्हणून गुण कापतात, त्या भागामुळेच ती गाडी परीक्षकासमोर उभी असते.

गाड्यांचे शत्रू पुष्कळ झाले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल आलं. हवेसाठी ते उत्तमच झालं, पण जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या आधारावर चालत, त्या झिजू लागल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्याने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे खराब होतात. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात शिरली, तेव्हा बदलापुरात अंगणातल्या, पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. चिखल धुऊन पुन्हा सुरू करण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होता. बऱ्याच जणांनी तेव्हाच भंगारवाल्याला हाक मारली.

आता मुद्द्याची गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली, मूळ सांगाडा आणि इंजिन फारसं न बदललेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे २०२४ पासून १९७४ च्या पद्मिनीही या पंगतीत बसायला लागल्या. काकांच्या हातचं दार असलेली गाडी कायद्याने रोल्स रॉइसच्या शेजारी! हे वाचून मला फार बरं वाटलं.

पण नियमाचा पुढचा भागही वाचा. अशी गाडी रस्त्यावर आणायची ती फक्त प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती यांसाठी. रोजच्या वापराला नाही. म्हणजे हॉर्निमन सर्कलला नेता येईल, टिटवाळ्याला आईला घेऊन जाता येणार नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच मिरवणुकीतल्या गाड्या होत्या, आणि अशा गाडीने रोज धूर ओकत फिरू नये हेही पटतं. तरी आपल्याकडच्या फियाटचं सगळं आयुष्य ज्या सहलींत गेलं, नेमक्या त्याच सहली या कागदावर बसत नाहीत.

आपल्या वर्गातल्या एका मित्राकडे वडिलांची १९७४ ची पद्मिनी आहे, फिक्या निळ्या रंगाची, हे बदलापूरकरांना माहीत आहेच. तिचं पुन्हा पासिंग पुढच्या वर्षी आहे. व्हिंटेजमध्ये घातली तर क्लब तिला रॅलीला बोलावेल, किंमतही वाढेल. न घातली तर कल्याणच्या आरटीओत हेलपाटे, हरित कर, आणि दर पाच वर्षांनी हीच कटकट. त्याने ठरवलेलं नाही. मी त्याला एवढंच सुचवलं आहे की कुठलाही अर्ज भरण्याआधी एका रविवारी काकांना बोलावू, गाडीचं दार लावून बघायला सांगू, आणि मग माळशेजपर्यंत जाऊन येऊ. पुढे तीन, मागे चार. फडकं आणि पाण्याची बाटली मी आणतो. पुऱ्या कोण आणणार, ते स्नेहसंमेलनाच्या दिवशी ठरवू.