ग्वाल्हेरचं सरोदघर आणि आमची कुलपं

मडगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं, की गाडी न बदलता ग्वाल्हेरला उतरता येतं. आपल्यातले बहुतेक जण ते स्टेशन झोपेत ओलांडतात आणि थेट आग्रा नाहीतर दिल्ली गाठतात. यंदा एलटीसी घेतली तेव्हा मी हट्टाने ग्वाल्हेरचे दोन दिवस काढले. घरच्यांनी विचारलं, "तिथं काय आहे?" मी म्हटलं, "आपलं गाणं तिकडून आलंय."

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. सावंतवाडी संस्थानातले रामकृष्णबुवा वझे तरुणपणी हालअपेष्टा सोसत ग्वाल्हेरला पोचले आणि निसार हुसेन खाँसाहेबांकडे शिकले. पुढे ते गोव्यात येत, तेव्हा लामगावला एक लहान मुलगी त्यांच्याकडे शिकायची. तीच पुढे सूरश्री केसरबाई केरकर झाली. केसरबाईंची ओळख ठरली ती नंतर अल्लादिया खाँसाहेबांकडे घेतलेल्या जयपूरच्या गायकीने, पण लहानपणीच्या त्या शिकवणीचा एक धागा ग्वाल्हेरला जातो. दीनानाथ मंगेशकरही वझेबुवांकडे शिकले. म्हणजे मंगेशी, केरी, लामगाव या आपल्या गावांचं ग्वाल्हेरशी नातं जुनंच आहे.

पहिला दिवस अर्थातच शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात गेला. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे हे शिंदे. दौलतरावांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला, म्हणून त्या भागाचं नाव आजही लष्कर. जयाजीरावांचा हा राजवाडा १८७४ सालचा. त्याचा काही भाग १९६४ पासून संग्रहालय आहे. जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांना वाढत फिरणारी चांदीची आगगाडी आहे, टनावारी वजनाची झुंबरं आहेत. छत ती पेलेल की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले होते, अशी आख्यायिका प्रत्येकाला ऐकवतात. पाहून डोळे दिपतात. पण बाहेर आल्यावर माझ्या मनात काहीच उरलं नव्हतं. राजवाडे टिकतातच. त्यांना दगड असतो, पैसा असतो, नाव असतं.

दुसऱ्या दिवशी जिवाजीगंजमधल्या सरोदघरात गेलो. हे बंगश घराण्याचं वडिलोपार्जित घर. या घराण्याचे पूर्वज अफगाणिस्तानातून रबाब घेऊन हिंदुस्थानात आले. त्यांच्यातले गुलाम अली खाँ ग्वाल्हेर दरबारी वादक झाले. रबाबाची पट्टी लाकडी आणि तारा आतड्याच्या. त्यावरचा सूर छेडताच विरतो, मींड लांबवर नेता येत नाही. पट्टीवर धातूचा पत्रा बसवला, तारा पोलादी केल्या आणि सूर रेंगाळू लागला. हा बदल गुलाम अलींनी केला असं हे घराणं मानतं. शहाजहानपूर आणि लखनौकडची घराणी आपल्या पूर्वजांचं नाव घेतात. आपण त्या वादात पडू नये. पण ज्या घरांत हे घडलं त्यांतलं एक घर आपल्याला आज आत जाऊन पाहता येतं, ही गोष्ट मला मोठी वाटली.

गुलाम अलींचे पुत्र नन्हे खाँ, त्यांचे पुत्र हाफिज अली खाँ आणि त्यांचे पुत्र अमजद अली खाँ. अमजद अलींचा जन्म १९४५ मध्ये ग्वाल्हेरचा. हाफिज अलींना १९६० मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या वेळचा एक प्रसंग अमजद अली सांगतात. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी खाँसाहेबांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? खाँसाहेबांनी ना घर मागितलं, ना पेन्शन. हल्ली लोक दरबारी राग बिघडवून गातात-वाजवतात, त्याचं शुद्ध रूप राखलं जाईल असा काही हुकूम काढा, एवढंच ते म्हणाले. आम्ही कचेरीत रोज अर्ज वाचतो. असा अर्ज आमच्या टेबलावर कधी आलेला नाही.

हाफिज अली खाँ १९७२ मध्ये गेले. कुटुंब त्याआधीच दिल्लीला गेलेलं होतं. अशा घराचं पुढे काय होतं हे सांगायला मामलेदार कचेरीतला कारकून लागत नाही. कुलूप, मग वाळवी, मग वाटणीचा दावा, मग बिल्डर. इथे तसं झालं नाही. अमजद अलींनी वडिलांच्या नावाच्या ट्रस्टतर्फे घर सावरलं आणि १९९० च्या दशकात ते संगीताचं संग्रहालय म्हणून उघडलं. घराण्यातली आणि इतर थोर कलावंतांची वाद्यं, जुनी छायाचित्रं, कागदपत्रं तिथे जपलेली आहेत. राजवाड्याच्या मानाने घर लहानच.

मी सरोदापाशी बराच वेळ उभा राहिलो. बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला, चकाकत्या पट्टीचा. हे वाद्य ज्याने छेडतात त्याला जवा म्हणतात, आणि जवा परंपरेने नारळाच्या करवंटीचा करतात! ग्वाल्हेरच्या त्या रुक्ष, दगडी मुलखात माडाचं झाड औषधालाही दिसत नाही. आपण जी करवंटी चुलीत घालतो, तिच्या घासून गुळगुळीत केलेल्या तुकड्यावर तिथे एका वाद्याचा सूर उभा आहे. आपल्या घरात कशाची किंमत काय, हे कधीकधी परमुलखात कळतं.

परतीच्या गाडीत हेच डोक्यात होतं. गोव्याने गायक-वादक किती दिले याची यादी आपण भाषणांत म्हणून दाखवतो. केसरबाईंच्या नावाने दरसाल महोत्सव भरतो. केरीत त्यांच्या एका घराच्या जागेवर त्यांच्याच नावाची शाळा आहे, हेही चांगलंच. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अंतराळात गेली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्या गेल्या. सूर सूर्यमालेबाहेर पोचला. पण ज्या घरांच्या सोप्यावर पहाटे तंबोरे लागत, जिथे आया मुलींना पहिला षड्ज देत, त्यांतलं एखादं घर पाहुण्याला दाखवायचं म्हटलं तर मला पटकन नाव सुचत नाही. त्या बायकांची कला आपण उचलली, त्यांच्या घरांचा उल्लेख मात्र आवाज खाली करून केला. घरं विसरली गेली, त्यात या कुजबुजीचाही वाटा आहे.

आणि दुसऱ्यांना कशाला बोलू? फोंडा तालुक्यातलं आमचं घर सहा वर्षं बंद आहे. आजोबांचा पखवाज माळ्यावर आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. इन्व्हेंटरी झालेली नाही. विकायचं तर नवरा-बायको धरून सगळ्यांच्या सह्या लागणार, आणि त्यासाठी चुलतभावाने पाठवलेला कागद माझ्या खणात पडून होता. ग्वाल्हेरला जाण्याआधी मी सही करणारच होतो.

आमचं घर काही संग्रहालय होणार नाही, आजोबा काही खाँसाहेब नव्हते. देवळातल्या भजनात साथ करायचे, एवढंच. पण परतल्यावर पहिल्या रविवारी किल्ली घेऊन गेलो. माळ्यावरून पखवाज खाली आणला. एका बाजूचं पान फाटलं होतं, लाकूड मात्र शाबूत. तो राजांगणात उन्हाला ठेवला आणि चुलतभावाला फोन केला. म्हटलं, सहीचं नंतर बघू, आधी एकदा सगळे इथे या. कोणी कुठे बसून काय ऐकलं, ते निदान लिहून तरी काढूया.

पाचजण येतो म्हणालेत.