पायाखालचे थर

मंडळी, मास्तरकी सुटली तरी इतिहास सांगायची खोड सुटत नाही. या वेळी तो आमच्या गिरगावातल्या खोलीतच, पायाखाली सापडला.

आमची चाळ जुनी, खोली दुसऱ्या मजल्यावर. दुरुस्तीसाठी जमीन उचकटली, तेव्हा वर प्लास्टिकची शीट, तिच्याखाली वाळलेल्या काळ्या डिंकाने माखलेला प्लायवूड आणि सर्वांत खाली सागवानी फळ्या निघाल्या. मुंबईच्या जुन्या घरांत ब्रह्मदेशचा साग पुष्कळ वापरलेला आहे. त्या सागाचा व्यापार करणारी बॉम्बे बर्मा कंपनी 1863 ची. ब्रह्मी दरबाराने तिला केलेला दंड 1885 च्या युद्धाचे निमित्त ठरला आणि ते राज्यच बुडाले! त्याच 1863 साली इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टनने लिनोलियमचे पेटंट घेतले. जवसाचे तेल, बुचाचा भुगा आणि मागे तागाचे कापड. पुढे प्लास्टिकच्या शीट आल्या, तरी आमच्याकडे त्यांनाही लिनोलियमच म्हणत.

पण असे थरावर थर का चढले? याचे उत्तर भाड्याच्या पावतीत आहे. 1947 च्या कायद्याने भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली. त्या कायद्यामुळेच गिरणी कामगार, कारकून आणि माझ्यासारखे मास्तर या शहरात टिकले, हे विसरून चालणार नाही. पण तेवढ्या भाड्यात इमारत राखणे मालकांना परवडेना. 1969 च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले, पण मंडळाचा भर तुळया, जिने, छप्पर यांवर. खोलीतली जमीन ज्याची त्याने बघायची. मग जुने काढण्यापेक्षा त्यावरच नवे चढवणे स्वस्त पडे.

आमचा मिस्त्रीही तेच म्हणाला, "काका, वरूनच लाद्या मारू." मी कागदावर हिशेब मांडला. दोन इंच मसाला आणि लाद्या मिळून चौरस मीटरला साधारण 120 किलो. खोली 120 चौरस फूट, म्हणजे अकरा चौरस मीटर. झाले 1,300 किलो! आणि तुळयांखाली दुसरे एक कुटुंब झोपते.

मग डिंक घासून काढायचा का? तोही नाही. जुन्या काळ्या डिंकात अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि कोरडे घासले की त्याची धूळ छातीत जाते. रॉकेल किंवा थिनर लावावे, तर बंद खोलीत वाफा आणि आगीची भीती. पाणी ओतले तर प्लायवूड फुगतो. म्हणून न घासता, वरून जरा ओलसर करून, खिळे उपटून, प्लायवूडच अख्खा काढला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून खाली उतरवला. फळ्यांपैकी दोन कुजलेल्या होत्या, त्या बदलल्या. बाकीच्या ठणठणीत आहेत.

असो. नातलगांपैकी कोणी लालबाग-परळची खोली दुरुस्त करत असेल, तर लाद्यांचे दुकान गाठण्याआधी एक कोपरा उचकटून खाली काय आहे ते बघा, आणि खालच्या बिऱ्हाडाशी दोन शब्द बोला.